'एक रसिक' यांना उत्तर : सिंडी वॉकर आणि 'मागणी तसा पुरवठा'

अमेरिकेतल्या 'कंट्री' या गावरान ढंगाच्या संगीतासाठी गाणी लिहिणाऱ्या सिंडी वॉकरवरच्या माझ्या लेखाखाली 'एक रसिक' या नावानं आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. नसेल वाचली तर त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लेख फार लांबला. सिंडी वॉकर 'उपेक्षित' म्हणता येणार नाही, कारण ती कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे त्या संगीतातल्या नामवंतांच्या मानाच्या यादीत आहे. 'यू डोन्ट नो मी' हे गाणं तिचं एकटीचं नाही, त्यावर गायक एडी अर्नोल्डचंही नाव आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं : "ही बाई म्हणजे मागणी तसा पुरवठा. गाणी मोठी झाली ती जिम रीव्ह्जसारख्यांच्या आवाजानं. गूगल करून लेख पाडणाऱ्यांनी तिला उगाच डोक्यावर घेऊ नये."

लेख लांबला, मान्य. टेक्सासच्या कापसावरचा परिच्छेद गाळला असता तरी चाललं असतं.

आता बाकीचं. रसिकराव, मतभेदाचं मला वावडं नाही. इथे याआधी लोकांनी मला चांगलं सुनावलेलं आहे आणि ते सगळं अजून तसंच ठेवलेलं आहे. पण 'लेख पाडणारे' ही कुठली भाषा? नाव लपवून लिहायचं आणि समोरच्यानं किती वाचलंय, किती ऐकलंय याचा निकाल आपणच देऊन टाकायचा, याला रसिकता म्हणत असतील तर मला तिची ओळख नाही.

गूगलबद्दल म्हणाल, तर अमेरिकेचा कंट्री गायक जिम रीव्ह्ज आमच्या घरी गूगलच्या कितीतरी आधी आला. मामा बोटीवर होते. त्यांनी आणलेला टेपरेकॉर्डर वसईच्या आमच्या ओटीवर असायचा आणि नाताळ जवळ आला की त्यावर रीव्ह्जशिवाय दुसरं काही लागत नसे. वडील मराठी शाळेत शिकलेले. ते टेप थांबवायचे, मागे घ्यायचे, पुन्हा ऐकायचे आणि गाण्याचे शब्द देवनागरीत वहीत उतरवायचे. 'डिस्टंट ड्रम्स' त्या वहीत आहे. लढाईवर जावं लागण्याआधी मुलगा मेरीला लग्नाची गळ घालतो, असं ते गाणं. त्यात तिचं नाव आणि लग्नाची विनवणी अशी पाठोपाठ येतात की कानाला एकच शब्द दोनदा आल्यासारखा वाटतो. वडिलांनी दोन्ही सारखेच लिहिलेत. कित्येक वर्षं मी समजत होतो की तो बिचारा नुसतं तिचं नाव घेत सुटलाय. पुढे लग्नांत गिटार वाजवायला लागलो, रोज तेच गाणं वाजवायची वेळ आली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती गंमत गायकाच्या गळ्यातून आलेली नाही. कोणीतरी टेबलाशी बसून त्या मुलीचं नाव मेरीच असलं पाहिजे असं ठरवलं होतं.

आणि तुम्ही उदाहरण काढलंत तेही नेमकं जिम रीव्ह्जचं! रीव्ह्ज १९६४च्या जुलैत विमान अपघातात गेला. 'डिस्टंट ड्रम्स' बाजारात आलं १९६६ साली. त्यानं ते गायलं होतं खुद्द सिंडी वॉकरसाठी, तिच्याजवळ असावं म्हणून. रेकॉर्ड कंपनीला ते लोकांपुढे आणण्याजोगं वाटलं नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर त्या साध्या टेपवर मागाहून वाद्यमेळ चढवला, आणि गाणं इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. बीटल्सच्या ऐन भरात! आवाज थोर होताच, त्यावर माझ्याशी भांडू नका, मी त्या आवाजावर वाढलोय. पण त्या थोर आवाजाला गायला शब्द आणि चाल कोणी दिली? चालही तिचीच होती, रसिकराव. तुमच्या प्रतिक्रियेत याचा उल्लेख नाही. आपल्याकडे गीतकार आणि संगीतकार बहुतेक वेळा वेगळे असतात, म्हणून कदाचित तुमच्या लक्षात आलं नसावं.

'मागणी तसा पुरवठा' म्हणता, मग पहिली मागणी कोणी केली होती तेही सांगा. टेक्सासमधल्या मार्ट गावाजवळच्या शेतावर १९१८ साली जन्मलेली ही मुलगी. आजोबा चर्चसाठी भक्तिगीतं रचणारे, आई ओरी पियानो वाजवणारी, वडील कापसाचे दलाल. वडिलांच्या कामासाठी सगळे लॉस एंजेलिसला गेले तेव्हा ती २२ वर्षांची होती. तिथल्या सनसेट बुलेव्हार्ड या रस्त्यावर त्या काळचा बडा गायक बिंग क्रॉस्बी याच्या नावाची इमारत दिसली तशी तिनं गाडी थांबवायला लावली आणि ओळखपाळख नसताना आत शिरली. आत बिंगचा भाऊ लॅरी होता. तो ऐकायला तयार झाला, तर ही धावत बाहेर आली आणि आईला गाडीतून उतरवून पियानोवर बसवलं. 'लोन स्टार ट्रेल' बिंग क्रॉस्बीनं रेकॉर्ड केलं ते असं. त्या गाण्याची ऑर्डर कोणीही दिलेली नव्हती.

पुढे ऑर्डरी आल्या, भरपूर आल्या. कंट्री संगीताचा बँड चालवणाऱ्या बॉब विल्सला १९४२ मध्ये काउबॉय चित्रपटांसाठी गाणी हवी होती. तिनं ३९ लिहून दिली. त्यानं तिची पन्नासहून जास्त गाणी रेकॉर्ड केली. गायकाचा गळा, त्याचा स्वभाव, त्याचे ऐकणारे डोळ्यांपुढे ठेवून ती लिहायची. तुम्हाला हे खालच्या दर्जाचं काम वाटतं. मला वाटत नाही. ज्याला अंगाला बसेल असं गाणं मिळालंय त्या गायकाला विचारा. रॉय ऑर्बिसनचं 'ड्रीम बेबी' आणि एडी अर्नोल्डचं 'यू डोन्ट नो मी' एकापाठोपाठ ऐका. एकाच टाइपरायटरवरून आलीत असं वाटतच नाही. (टाइपरायटर गुलाबी रंगाचा होता. हे लेखात लिहिलं म्हणूनही कोणीतरी नाक मुरडलं होतं. ते तुम्हीच होता का?) बरं, माप घेऊन केलेलं गाणं दुसऱ्याला होत नाही म्हणाल, तर तेच 'यू डोन्ट नो मी' १९६२ साली रे चार्ल्सनं गायलं आणि अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. रे चार्ल्ससाठी ते कोणी लिहिलं नव्हतं.

क्रॉस्बी, विल्स, अर्नोल्ड, ऑर्बिसन, रीव्ह्ज, चार्ल्स. आवाजच सगळं करतो म्हणता, मग इतके निरनिराळे आवाज पुन्हा पुन्हा एकाच बाईच्या गाण्यांकडे का येत होते? याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत मला सापडलं नाही. तिला स्वतःला गाता येत नव्हतं म्हणून ती लिहायला बसली, असंही समजू नका. १९४४ मध्ये तिच्या आवाजातलं एक गाणं पहिल्या दहांत होतं, आणि ते गाणं दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं. गाणं सोडून लिहिणं तिनं आपणहून निवडलं. १९५४ मध्ये ती टेक्सासला परतली, आईबरोबर मेहेया या गावात राहिली, आणि वर्षातले काही महिने दोघी कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला जाऊन गाणी विकायच्या.

हे मला पोटतिडकीनं का वाटतं तेही सांगतो, म्हणजे आणखी एक तर्क लढवायचे तुमचे कष्ट वाचतील. वसईत एका मंडळानं मराठी गाण्यांची कॅसेट काढली होती. त्यातली बरीचशी गाणी मी लिहिली होती. कव्हरवर गायक होते, तबलजी होते, फोटो काढणाऱ्याचंसुद्धा नाव होतं. माझं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "जागा उरली नाही." तेव्हा शब्दांच्या मागे माणूस असतो हे मला गूगलवर शोधावं लागत नाही.

'उपेक्षित'बद्दल एवढंच. एडी अर्नोल्ड १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, जिम रीव्ह्ज १९६७ मध्ये, बॉब विल्स १९६८ मध्ये. तिघांनाही गाणी देणारी सिंडी वॉकर गेली १९९७ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी. त्या रात्री तिनं अंगावर घातलेला पोशाख आईनं १९८०च्या दशकात आणून ठेवलेला होता. हॉल ऑफ फेममध्ये घेतील तेव्हा हाच घाल, असं आई म्हणाली होती. आई १९९१ मध्ये वारली. सिंडीनं व्यासपीठावर ही हकिगत यमकं जुळवून सांगितली. तीस वर्षं उशीर झाला याला तुम्ही काय म्हणता ते तुमचं तुम्ही ठरवा, मी माझा शब्द बदलणार नाही.

एडी अर्नोल्डचं म्हणाल तर गाण्याची कल्पना आणि शीर्षक त्याचं, हे जगजाहीर आहे. लेखातही एका ओळीत होतं. त्यावर आणखी शाई खर्च करावी असं मला वाटत नाही.

आणि हो, काल रात्री तुम्ही पाठवलेली दुसरी प्रतिक्रिया मी प्रसिद्ध केलेली नाही. "तुम्हा वसईवाल्यांना सगळं परदेशीच गोड लागतं" हे वाक्य काढून, खाली स्वतःचं नाव घालून पाठवा, लगेच टाकतो.