दुसरं मत? शांतम् पापम्!

डॉक्टरांनी हातात एस्टिमेट दिलंय. तीन रूट कॅनाल, पाच झिर्कोनियाच्या कॅप, दोन इम्प्लांट. एकूण रक्कम वाचताना तुमची दातखीळ बसली, हे बरंच झालं. नाहीतर तोंडातून भलताच प्रश्न निघाला असता.

कागदावर ४६ असं लिहिलंय. तोंडात बत्तीसच दात असताना हा शेहेचाळिसावा आला कुठून, हे विचारू नका. (पहिला आकडा जबड्याच्या भागाचा, दुसरा समोरून मोजत गेल्यावर येणाऱ्या दाताचा. म्हणजे खालच्या जबड्यात उजवीकडची पहिली मोठी दाढ. पण हे कळलं, की कुठल्या दाढेला काय झालंय हेही विचारावंसं वाटतं. नसती पीडा.)

साडी घेताना तुम्ही चार दुकानं पालथी घालता. पण साडी बदलून मिळते. कॅपसाठी चहूबाजूंनी घासलेला दात काही पुन्हा वाढत नाही. मग आधी चौकशी करून उपयोग काय? शिवाय रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली आहे, की आज सुरू केलंत तर पंधरा टक्के कमी. जो इम्प्लांट हाडात रुजायला काही महिने घेतो, त्याचा निर्णय चार मिनिटांत उरकणं यालाच तडफ म्हणतात.

एक्स-रे, म्हणजे सगळे दात एकत्र दाखवणारा तो ओपीजी, तर मुळीच मागू नका. "ओपीजी मोबाइलवर पाठवता का?" एवढं विचारलंत, की डॉक्टरांना वाईट वाटेल. गेली दहा वर्षं ते तुम्हाला 'काका' म्हणतात! राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तीत दुसरं मत घेण्याचा हक्क आहे, आपले रिपोर्ट मिळण्याचाही आहे. पण आयोगाला कुठे डॉक्टरांना तोंड दाखवायचंय?

अमेरिकेत एका बातमीदाराने हा आगाऊपणा करून पाहिला. तेच तोंड घेऊन तो २८ राज्यांतल्या ५० दंतवैद्यांकडे गेला आणि १९९७ साली 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये त्याने सगळं छापलं. खर्चाचे आकडे पाचशे डॉलरपासून जवळजवळ तीस हजारांपर्यंत! पहिल्याच दारात थांबला असता तर मनःशांती टिकली असती. पैसे टिकले असते का, हे दार कुठलं त्यावर.

इतकं सांगूनही जायचंच असेल, तर निदान रीतसर जा. दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसल्याबरोबर पहिलं एस्टिमेट टेबलावर ठेवा आणि विचारा, "तुम्ही कितीत कराल?" म्हणजे ते दाताबद्दल नाही, दराबद्दल मत देतील. तेही पटलं नाही तर तिसरे, मग चौथे. पाचवे म्हणतील, "काही करायची गरज नाही." झालं! तेच खरे निष्णात. किडीला कळवून टाका.

गाल सुजलाय, ताप भरलाय, तोंड उघडत नाही, अशा वेळी मात्र आपल्याला हटकून सगळ्यांची मतं हवी असतात. मावशी लवंग सांगते, सोसायटीचा वॉचमन तंबाखूची मशेरी. खरं तर त्या दिवशी कुणालाही न विचारता समोर दिसेल त्या दातांच्या डॉक्टरकडे पळायचं असतं. ज्या कामाला पंधरा दिवस थांबता येतं, तिथे आपली घाई. आणि जिथे एक रात्र थांबू नये, तिथे घरगुती परिसंवाद.

मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज आहे. तिकडे तर फिरकूच नका. नंबर लावा, बाकड्यावर बसा, सगळी सकाळ जाते. अशा कॉलेजात आधी शिकणारा पोरगा तोंड तपासतो, "सर, आरसीटी" (म्हणजे रूट कॅनाल) म्हणतो. मग सर त्याच्याकडे बघून विचारतात, "कशावरून?" तुमच्यादेखत! तो बिचारा एक्स-रे उजेडात धरून कीड कुठपर्यंत गेलीय ते दाखवत बसतो. त्यापेक्षा आपल्या एसी क्लिनिकमध्ये सही कुठे करायची ते पेन्सिलीने फुली मारून ठेवलेलं असतं. पेनसुद्धा तेच देतात.