कर्मचाऱ्यांची काळजी घ्या, कॅमेरा चालू ठेवून

मालक मंडळींनो, कर्मचारी म्हणजे आपले कुटुंब, हे तुम्ही नियुक्तिपत्रात लिहिलेच आहे. ते सिद्ध करण्याचे काही अनुभवसिद्ध उपाय पुढे देत आहे.

पगाराचा आकडा फुगवताना भविष्य निर्वाह निधीतला स्वतःचा 12 टक्के वाटा ‘सीटीसी’त, म्हणजे कर्मचाऱ्यावरच्या कंपनीच्या एकूण वार्षिक खर्चात, अवश्य मिळवावा. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाचे 4.81 टक्केही तिथेच दाखवावेत. कायद्याने कायम नोकराला ती पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते, म्हणजे तो चौथ्या वर्षी कंटाळून निघून गेला, की न दिलेल्या पैशांचे औदार्यही तुमच्याच नावावर जमा राहते.

दिवाळीला सोनपापडीचा डबा द्यावा.

मात्र खरा जिव्हाळा दिसतो तो 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी. हा दिवस कामाच्या वेळेत साजरा करण्याचा उधळेपणा करू नये. आमच्या कार्यालयाने यंदा त्यासाठी सुट्टीचा शनिवार निवडला: सकाळी अकरा वाजता ऑनलाइन व्याख्यान, विषय ‘तणावमुक्त जीवन’, उपस्थिती सक्तीची. वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मागितलेली शुक्रवारची रजा ‘कामाची डिलिव्हरी आहे’ म्हणून नाकारली गेल्यामुळे ती शस्त्रक्रियाही मी शनिवारवरच ढकलली होती. त्यामुळे रुग्णालयाच्या व्हरांड्यात, एका कानात इअरफोन घालून, मी चार आकडे मोजत दीर्घ श्वास घेत होतो आणि समोर परिचारिका डोळ्यांत घालायच्या थेंबांची चिठ्ठी घेऊन उभी होती. चिठ्ठी घ्यायला वळलो, तेवढ्यात मनुष्यबळ विभागाचा निरोप झळकला: ‘कृपया कॅमेरा सुरू ठेवा.’ शेवटी अभिप्रायाचा अर्ज आला, ‘आज आपल्याला किती हलके वाटले?’, आणि तो भरल्याशिवाय हजेरी लागत नव्हती!

पुरे झाले उपाय. आमच्या गटातले तिघे सोडून गेले, त्यांच्या जागा सात महिने रिकाम्या ठेवल्यात, त्यांचे काम आमच्या गळ्यात मारलेत, रात्री साडेदहाला फोन करून ‘झोपला नव्हतास ना?’ असे विचारता, आणि वर आम्हालाच श्वास कसा घ्यावा हे शिकवता? जनाची नाही, निदान मनाची तरी बाळगा. वडिलांच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. एका दिवसाच्या रजेचा अर्ज मी कालच पाठवला आहे. व्याख्याते बोलावू नका. तो अर्ज मंजूर करा.