तळ बंद केले की पैसे वाचतात?

‘दूरदेशीचे लष्करी तळ म्हणजे पांढरे हत्ती. आता विमानं कुठूनही कुठेही पोचतात. तळ बंद करा, पैसा वाचेल, कुणाचं काही बिघडणार नाही,’ असा मजकूर सध्या जोरात फिरतोय. एकेक मुद्दा घेऊ.

विमानं कुठूनही कुठेही पोचतात? 1982 साली अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली, ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली, तेव्हा तिथल्या धावपट्टीवर बाँब टाकायला ब्रिटनचं व्हल्कन विमान निघालं. जायचं सुमारे 6,300 किलोमीटर, यायचंही तेवढंच. हवेत इंधन पुरवायला 11 व्हिक्टर टँकर, त्यातले कित्येक तर दुसऱ्या टँकरांचीच टाकी भरायला. जवळजवळ सोळा तासांच्या या खटाटोपात 21 बाँब पडले, धावपट्टीवर बसला एक. आणि विमान उडालं कुठून? ब्रिटनमधून नव्हे, अटलांटिकच्या मधोमध असलेल्या असेन्शन बेटावरून. म्हणजे तळाला पर्याय म्हणून दाखवलेल्या विमानालाही तळ लागलाच.

पैसा वाचेल म्हणतात, पण तळ बंद केल्याने सैनिकांचा पगार बंद होत नाही. फौज घटवली तरच तो वाचतो. नाहीतर मायदेशी नव्या बराकी बांधायच्या. शिवाय जपानसारखा यजमान अमेरिकी फौजेपायी स्वतःच मोठी रक्कम मोजतो. 2022 ते 2026 साठी ती वर्षाला सरासरी 211 अब्ज येन ठरली.

‘काही बिघडणार नाही’ हे तर धाडसाचंच विधान. दक्षिण अटलांटिकमधली ‘एन्ड्युरन्स’ ही एकुलती गस्ती नौका काढून घेणार, असं ब्रिटनने 1981 मध्ये काटकसरीपायी जाहीर केलं. वाचणार होते वर्षाला सुमारे 20 लाख पौंड. पुढच्याच एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली. युद्धाचं हे एकच कारण नव्हतं, पण लंडनला या बेटांचं फारसं पडलेलं नाही, असा अर्थ अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्यूनस आयर्समध्ये काढला गेला. बेटं परत घेताना 255 ब्रिटिश सैनिक गेले, अर्जेंटिनाचे 649. मग 1985 मध्ये तिथे माउंट प्लेझंटचा कायमचा हवाई तळ उघडावाच लागला.

खरी दुखरी जागा या मजकुराला सापडलेलीच नाही. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांपैकी दिएगो गार्सियावरच्या अमेरिकी तळासाठी 1968 ते 1973 दरम्यान चागोसवासीयांना घराबाहेर काढलं गेलं. ती किंमत कुठल्याच जमाखर्चात नाही. आणि पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातलं अगादेझ! 10 कोटी डॉलरांहून जास्त ओतून अमेरिकेने वाळवंटात ड्रोनतळ बांधला. 2023 मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, 2024 मध्ये नव्या राज्यकर्त्यांनी ‘निघा’ म्हटलं, आणि अमेरिकेला निघावं लागलं. या तळाला खुशाल पांढरा हत्ती म्हणा, माझी हरकत नाही.