आधी रेघ मारायची, मग आम्हाला विचारायचं

परवा सकाळी दार उघडलं तर कुंपणाच्या भिंतीवर लाल रंगात बाण आणि एक आकडा. समोरच्या भिंतीवरही तसाच. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, तर दोन्ही बाजूंना खुणाच खुणा. वस्तीतून जाणाऱ्या नव्या पर्यायी रस्त्याची आखणी. आणि ‘नागरिकांच्या हरकती व सूचना’ ऐकण्याची बैठक अजून आठ दिवसांवर आहे! जे ठरवण्याआधी आम्हाला विचारायचं होतं, ते आमच्याच भिंतीवर रंगवून मोकळे झालेत. तेव्हापासून डोकं ताळ्यावर नाही माझं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती सांगितली नाही की ‘तुमचा विकासालाच विरोध’ असा शिक्का बसतो. मुख्य रस्ता तुंबतो हे मला मान्य आहे. मीही रोज त्यातच अडकते. मागे रुग्णवाहिकेचा भोंगा वाजतोय आणि पुढे सरकायला हातभर जागा नाही, हे मी पाहिलंय, आणि पोटात गोळा येतो त्या वेळी. कोंडीवर उपाय हवाच. पण रस्ता लागेल का, कुठून जाईल, किती रुंद असेल, त्यावरून काय धावेल, हे चारही प्रश्न बंद दाराआड सोडवून टाकले आणि आमच्यापुढे ठेवला तो पाचवा: पदपथाला कुठल्या रंगाचे ब्लॉक बसवू?

अतिशयोक्ती नाही ही. पहिल्या बैठकीत आमच्याकडून छापील फॉर्म भरून घेतले. दिवे कसे हवेत, झाडं कुठली हवीत, बाक किती हवेत. ‘हा रस्ता तुम्हाला हवा का’ हा प्रश्न त्यात नव्हता. ‘दुसरीकडून नेता येईल का’ हाही नव्हता. शेजारच्या काकांनी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पानभर लिहून दिलं, की गल्लीत आधीच दोन आंधळी वळणं आहेत, इथून जड वाहनं आणू नका. पुढच्या बाजूला त्यांनी झाडांसमोर खूण केली होती. अहवाल आला तेव्हा काकांचा फॉर्म ‘प्रकल्पाला अनुकूल’ या रकान्यात मोजलेला होता. मागची बाजू कोणी उलटून पाहिलीच नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस दोन दिवस विचार करून, अक्षर लागावं म्हणून सावकाश लिहितो, आणि त्याचा विरोध पाठिंबा म्हणून मोजला जातो. याला लोकसहभाग म्हणायचं?

आणि बैठकीची वेळ. कामाचा दिवस, भर दुपार. ज्यांच्या दारातून हा रस्ता जाणार, त्यातले निम्मे त्या वेळी कामावर, काही पाळीवर, काही जणी शाळेतून मुलं आणायला गेलेल्या. मग जे पंधरा-वीस जण येऊ शकले त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि लिहायचं, ‘स्थानिकांशी चर्चा केली’. रविवारी बैठक ठेवायला काय अडचण होती? विचारलं मी. उत्तर मिळालं, कार्यालयाला सुट्टी असते. तुमची सुट्टी वाचवायला आम्ही आमची घरं पणाला लावायची का?

नोटीस वाचली असती तरी फारसं कळलं नसतं, हेही खरं. त्यात आमच्या गल्लीचं नाव नाही, शाळेचा उल्लेख नाही, ओढ्यावरच्या पुलाचा नाही. होतं काय, तर चेनेज अमुक ते चेनेज तमुक. चेनेज म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीच्या बिंदूपासून मोजलेलं अंतर, हे मला शोधून काढावं लागलं. इतकी वर्षं जिथे राहतेय ते ठिकाण मलाच ओळखता येऊ नये, अशा भाषेत मला कळवलं गेलं. नकाशा लावला होता, पण त्यात घरं म्हणजे नखाएवढे चौकोन. आपलं घर कुठलं हे शोधायला लोक भिंतीला नाक लावून उभे होते. एक आजी मला विचारत राहिल्या, “अगं, माझं दार रेघेच्या अलीकडे की पलीकडे?” मला सांगता आलं नाही. तिथे बसलेल्या माणसालाही सांगता आलं नाही. त्या माऊलीला त्या रात्री झोप आली असेल का?

बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. काहीही विचारा, उत्तर एकच: “नोंद घेतली आहे.” त्या नोंदीचं पुढे काय होतं, कोण वाचतं, मान्य नसेल तर कारण लेखी मिळतं का, यावर चकार शब्द नाही.

हे दुखणं जुनं आहे. लोकसहभागाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यात खाली लोकांना फिरवणं आणि त्यांची समजूत घालणं. त्याच्या वर माहिती देणं, मत विचारणं, थोडं चुचकारणं. आणि सहाव्या पायरीपासून वर खरी भागीदारी, म्हणजे निर्णयात वाटा. मधल्या तीन पायऱ्यांना त्यांनी स्पष्टपणे दिखाऊ म्हटलं होतं. पन्नासहून अधिक वर्षं झाली आणि आम्ही अजून मधल्या पायरीवर फॉर्म भरतोय.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दाट वस्तीतून द्रुतगती मार्ग काढण्याच्या योजनेवर सुनावणी होती. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स तिथे बोलायला गेल्या तर ध्वनिक्षेपकाचं तोंड अधिकाऱ्यांकडे नव्हतं, प्रेक्षकांकडे होतं. म्हणजे लोकांनी लोकांनाच सांगायचं. त्यांनी ते तिथल्या तिथे बोलून दाखवलं, थेट व्यासपीठावर चढल्या आणि त्यांना अटक झाली. तो मार्ग पुढे झालाच नाही. हे वाचलं तेव्हा आमच्या बैठकीतली खुर्च्यांची मांडणी आठवली. अधिकारी एका कोपऱ्यात, पडदा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि आम्ही बोलत होतो ते पडद्याकडे बघून.

आता ज्या आकड्यांवर हा रस्ता उभा आहे ते बघा. वाहनांची मोजणी दोन दिवस झाली, आणि तीही शाळांना सुट्टी असताना. शाळेच्या फाटकासमोर सकाळी जी पाऊण तासाची झुंबड उडते ती त्या मोजणीत नाहीच. मुलं रस्ता ओलांडतात कुठून हे त्यांना माहीत नाही, कारण मुलं तेव्हा रस्त्यावर नव्हती! पावसाळ्यात गल्लीच्या मधोमध गुडघाभर पाणी साचतं, ते त्यांच्या सर्वेक्षणात नाही, कारण सर्वेक्षण उन्हाळ्यात झालं. तिथे डांबराचा थर वाढवून उंची केलीत तर ते पाणी दोन्ही बाजूंच्या घरांत शिरणार. शाळेतल्या पोरालाही कळतं हे. आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत, त्यांना दिसत नाही. वळणावरच्या विजेच्या खांबापासून बसथांब्यापर्यंतची पावलं त्यांना पाठ आहेत, त्या हिशोबावर ते रोज एकटे कामाला जातात. तो खांब हलणार आहे. थांबा रस्त्याच्या पलीकडे जाणार आहे. त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं? त्यांच्यासाठी नकाशा वाचून दाखवला? मी बैठकीत त्यांचा विषय काढला तेव्हा माझी तीन मिनिटं संपली.

वस्तीत राहणाऱ्याला जे माहीत असतं ते यंत्रांना आणि दोन दिवसांच्या मोजणीला दिसत नाही. म्हणून तर आधी विचारायचं असतं. उपकार म्हणून नव्हे, रस्ता चुकू नये म्हणून.

आणि कोंडी सुटणार याची एवढी खात्री कुठून आली? डिट्रिच ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्येच दाखवून दिलं, की जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच प्रवासाचा वेळ वाढू शकतो, कारण जो तो आपल्यापुरता जवळचा मार्ग धरतो आणि सगळे तिथेच येऊन अडकतात. ब्रिटनमध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९९४ मध्ये मान्य केलं, की नवे रस्ते नवी वाहतूक निर्माण करतात. अमेरिकेतल्या शहरांवरचा ड्युरँटन आणि टर्नर यांचा २०११ चा अभ्यास सांगतो, की रस्त्यांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवासही वाढला. प्रत्येक पर्यायी रस्ता वाया जातो असं मी म्हणत नाही. पण हा विचार अहवालात कुठे आहे? मी पानन् पान चाळलं. पाच वर्षांनी आमची गल्लीही तुंबली तर काय, याला एक परिच्छेदही दिलेला नाही.

आवाजाबद्दल एकच ओळ: ‘वाढ मर्यादेत राहील.’ गाड्या दुप्पट झाल्या की आवाज ३ डेसिबलने वाढतो, दहापट झाल्या की १० डेसिबलने, आणि १० डेसिबलची वाढ कानाला जवळजवळ दुप्पट वाटते. आमच्या गल्लीतून आज रात्री गाडीच जात नाही म्हटलं तरी चालेल. इथे पट किती होणार हे कोणी मोजलं?

सगळ्यात जास्त जिव्हारी लागतं ते वेगळंच. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच रस्त्यांवर राहणाऱ्यांना विचारलं होतं, की तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती. जिथून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जात, तिथे माणशी सरासरी ३ मित्र निघाले. जिथून १६,००० जात, तिथे एकही पुरता नाही, ०.९. आमच्याकडे संध्याकाळी दोन्ही बाजूंची माणसं उंबऱ्यात उभी राहून एकमेकांशी बोलतात, मोठ्याने बोलावंही लागत नाही. समोरच्या वहिनींच्या हातात किल्ली देऊन मी निर्धास्त बाहेर पडते. ही किल्ली कुठल्या रकान्यात धरलीत? १९८२ मध्ये अथेन्समध्ये एका भरधाव गाडीने ॲपलयार्ड यांचाच जीव घेतला. ते वाचलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

आता थोडं आपल्या लोकांनाही सुनावते. आमच्यातल्याच काहींनी पत्र दिलं, की रस्ता पलीकडच्या वस्तीतून न्या, तिथे भाडेकरूच जास्त आहेत. लाज वाटली मला. नोटिसा फक्त घरमालकांना गेल्या, म्हणून पलीकडच्यांना अजून काही माहीतच नाही, आणि आपण त्याचा फायदा घ्यायचा? भाडेकरूच्या मुलांना गाडी लागत नाही का? त्या पत्रावर मी सही केली नाही आणि करणार नाही. आम्हाला विचारलं नाही म्हणून मी ओरडतेय, तर त्यांनाही विचारलं नाही म्हणून मलाच ओरडलं पाहिजे. आपल्या गल्लीपुरतं बघायचं असेल तर मग कार्यालयातल्या माणसांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

“लोकांना विचारत बसलो तर कामं होतच नाहीत”, हे वाक्य मला प्रत्येक टेबलावर ऐकवलं गेलं. काम अडतं ते विचारल्यामुळे नव्हे. नंतर विचारल्यामुळे अडतं. रंग मारून झाल्यावर विचारलंत, तर माणूस सूचना देईल की जीव तोडून विरोध करेल? डेन्मार्कमधल्या आरहूस इथे १९९८ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात साफ लिहिलंय, की लोकांना सुरुवातीलाच सहभागी करून घ्या, सगळे पर्याय खुले असताना. सगळे पर्याय खुले असताना! आमच्यापुढे अ, ब आणि क असे तीन पर्याय ठेवले होते, आणि तिन्ही आमच्याच गल्लीतून जातात. फरक फक्त रुंदीचा. आहे त्या रस्त्यावरचं पार्किंग हटवून पाहू, सिग्नलच्या वेळा सुधारू, बस वाढवू, जड वाहनांना वेळ ठरवून देऊ, यातला एकही पर्याय तिथे नव्हता.

म्हणून आम्हीच कामाला लागलोय. शाळा सुरू झाल्यापासून गल्लीतली पोरं, दोन वहिनी आणि काका आळीपाळीने फाटकापाशी बसून मोजताहेत. कुठली गाडी, किती वाजता, कुठून आली, किती मुलांनी रस्ता ओलांडला. वही भरत आली आहे. पाणी साचतं तिथे काकांनी भिंतीवर खडूने पातळी आणि तारीख टाकून ठेवली आहे. पलीकडच्या वस्तीतही काल संध्याकाळी जाऊन आलो. त्यांच्यातले चौघे बैठकीला येणार आहेत, रजा टाकून. मला पुन्हा तीनच मिनिटं मिळतील. त्यातलं दीड मिनिट मी त्या दृष्टिहीन गृहस्थांना देणार आहे. उरलेल्या दीड मिनिटात वही टेबलावर ठेवून विचारणार आहे, की हा रस्ता न करता कोंडी सुटते का हे तुम्ही कुठल्या तारखेला तपासलं, आणि तो कागद कुठे आहे. पडद्याकडे बघून नाही. खुर्ची उचलून त्यांच्यासमोर ठेवून.