नाइकाच्या स्फटिकांना कारागीर लागला नाही

मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील नाइका खाणीत, जमिनीखाली सुमारे ३०० मीटरवर, महाकाय स्फटिकांची गुहा आहे. तिच्या छायाचित्रांसोबत समाजमाध्यमांवर फिरणारा मजकूर साधारण असा असतो: हे क्वार्ट्झचे खांब एखाद्या लुप्त प्रगत संस्कृतीने घडवले, आतल्या विषारी वायूमुळे माणूस दहा मिनिटांत मरतो आणि सत्य दडपण्यासाठी ती गुहा बंद करण्यात आली.

पहिली गोष्ट, हे क्वार्ट्झ नव्हे. हा सेलेनाइट, म्हणजे जिप्समचा पारदर्शक प्रकार असून तो इतका मऊ असतो की त्यावर नखानेही ओरखडा उठतो.

‘घडवले’ या दाव्याला आधार दिला जातो तो खांबांच्या सरळ कडांचा आणि सपाट पृष्ठांचा. परंतु दख्खनच्या बेसॉल्टमधील पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे स्फटिकही तितकेच रेखीव असतात आणि ते कोणी तासले, असे आपण विचारत नाही. शिवाय २००० साली खाणकामगारांनी बोगदा खणेपर्यंत या गुहेत शिरायला वाटच नव्हती आणि खाणीतील पंपांनी उपसा होण्यापूर्वी ती गरम पाण्याने भरलेली होती. खोलवरच्या मॅग्माने तापलेल्या या पाण्यात ॲनहायड्राइट हे खनिज होते. सुमारे ५८ अंश सेल्सिअसच्या खाली ते विरघळू लागते आणि त्याच्याऐवजी जिप्सम साकळते. इथले तापमान या सीमेच्या किंचित खाली लाखो वर्षे जवळजवळ स्थिर राहिल्याने नवे स्फटिक फारसे जन्मलेच नाहीत. जे होते तेच वाढत गेले आणि त्यांपैकी काही ११ मीटरपर्यंत पोहोचले. याच खाणीत १२० मीटर खोलीवर, १९१० साली सापडलेल्या ‘तलवारींच्या गुहे’त पाणी लवकर निवल्यामुळे स्फटिक पुष्कळ आहेत, पण तुलनेने लहान. वाढीच्या वेगाचे मोजमाप २०११ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यानुसार एक मीटर जाडी भरायला सुमारे दहा लाख वर्षे लागतात. एवढा धीर कोणत्या संस्कृतीला असेल, याची कल्पना करवत नाही.

दहा मिनिटांची गोष्ट मात्र अगदीच निराधार नाही. साध्या कपड्यांत तिथे त्याहून फार काळ थांबणे खरोखरच धोक्याचे होते, पण त्याचे कारण विषारी वायू नव्हते. तापमान ४५ अंशांच्या वर आणि आर्द्रता शंभर टक्क्यांच्या आसपास असल्याने घाम वाळत नाही, शरीर निवत नाही, आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड असलेल्या फुप्फुसांत श्वासातली वाफ पाणी होऊन साचू शकते. म्हणूनच संशोधक बर्फाने गार केलेले पोशाख घालून उतरत.

राहिला दडपण्याचा आरोप. दडपायचेच असते, तर संशोधकांना आणि चित्रीकरण करणाऱ्यांना आत जाऊ दिले नसते. २०१५ मध्ये खाणीत पाणी शिरून काम थांबले, उपसा बंद झाला आणि गुहा पुन्हा बुडाली. उघड्या हवेत हे स्फटिक खराब होऊ लागतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हे बुडणे हिताचेच म्हणावे लागेल.