दोन रबरबँड आणि तीनशे ओहम

माझ्याजवळ एक छोटा म्युझिक प्लेअर होता. तो काडेपेटीएवढा होता, खिशात टाकल्यावर आहे की पडला हे चाचपून पाहावे लागे इतका हलका होता, आणि त्याच्याबरोबर आलेले साधे इअरफोन कानात घालून मी कित्येक वर्षे अत्यंत सुखाने गाणी ऐकत होतो. ह्या सुखाला दृष्ट लागली ती माझीच. एका मित्राच्या घरी मी दोन्ही कान पूर्ण झाकणारे, मखमली गाद्यांचे हेडफोन डोक्यावर चढवले आणि जे गाणे मला तोंडपाठ आहे अशी माझी खात्री होती, त्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी गायिका श्वास घेते हे मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आले. त्या दिवसापासून, ज्यात श्वास ऐकू येत नाही ते गाणे मला अर्धवट वाटू लागले. पंधरा दिवसांत तसलेच हेडफोन माझ्या घरी आले.

खोक्यातून एक सोनेरी मुलामा दिलेली जाडजूड पिनही निघाली. माझ्या प्लेअरचे भोक साडेतीन मिलिमीटरचे असल्यामुळे तिचा काही उपयोग नाही असे ठरवून मी ती ड्रॉवरमध्ये टाकून दिली. मग हेडफोन प्लेअरला जोडले, आवाज पूर्ण वाढवला, आणि तरीही गायिका शेजारच्या खोलीत दार लोटून रियाज करत असावी असे वाटत राहिले. श्वास सोडा, ती गाते आहे की कुणाची समजूत घालते आहे हेही नीट कळेना. खोक्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘३०० ओहम’ असे छापले होते. हा आकडा जितका मोठा तितका माल चांगला, असा समज मी खरेदीच्या वेळी कोणालाही न विचारता करून घेतला होता.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, “अरे, त्या कानकोरण्याने असले हेडफोन वाजतात होय? त्याला ॲम्प लाव, ॲम्प!”

ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर, आवाजाची शक्ती वाढवणारी पेटी. मामला असा होता. हेडफोन विजेच्या प्रवाहाला जो विरोध करतात तो ओहममध्ये मोजतात. साध्या इअरफोनचा हा विरोध १६ ते ३२ ओहमच्या घरात असतो आणि माझ्या प्लेअरसारखी वस्तू जीव तोडून अर्धा व्होल्ट देते. तेवढ्या दाबाखाली ३२ ओहमच्या इअरफोनला सुमारे ८ मिलिवॉट शक्ती मिळते, ३०० ओहमच्या हेडफोनच्या वाट्याला मात्र एक मिलिवॉटही येत नाही. त्यातून माणसाचा कान हा दसपट वसूल करून दुप्पट मिळाल्याची पावती देणारा सावकार आहे. आवाज दुपटीने वाढल्यासारखा वाटायचा असेल, तर शक्ती दहापटीच्या आसपास, म्हणजे १० डेसिबलने, वाढवावी लागते. १९७९ च्या जुलैमध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोके होती, म्हणजे तो एका वेळी दोन माणसांना गाणी ऐकवीत असे. माझा त्याच्याहून कितीतरी आधुनिक प्लेअर एका माणसालाही पुरा पडत नव्हता. त्या वॉकमनचे हेडफोन त्याच्याच ऐपतीचे होते, एवढी गोष्ट मी त्या वेळी लक्षात घ्यायला हवी होती.

खिशात मावणारे ॲम्प्लिफायर ही हौशी माणसांची जुनी खोड आहे. चू मॉय नावाच्या एका गृहस्थांनी एक नऊ व्होल्टची बॅटरी, एक चिप आणि मूठभर सुटे भाग वापरून घरच्या घरी करता येईल असा ॲम्प आखून दिला, आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा तो ‘सीमॉय’ जगभरच्या लोकांनी पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवला. मीही तसा करून पाहणार होतो, परंतु पत्र्याची डबी, तिच्यातून निघालेल्या वायरी, आत बॅटरी आणि वर एक दिवा असा ऐवज बाळगत एखाद्या तपासणीच्या रांगेत उभे राहून हे संगीत आहे असे सांगण्याची माझी छाती होईना. म्हणून मी तयार ॲम्प घेतला. तो साबणाच्या वडीएवढा होता आणि प्लेअरच्या निदान चौपट वजनाचा होता. थोडक्यात, बाळापेक्षा त्याची दूधबाटली मोठी होती.

आता ह्या दोघांचे लग्न लावायचे होते. ॲम्पबरोबर आलेली वायर एक मीटर लांब होती. दोन बोटांच्या अंतरावरच्या दोन भोकांना जोडण्यासाठी मीटरभर वायर खिशात भरली, की किल्ल्या काढताना प्लेअर, ॲम्प, रुमाल आणि पेन हे सगळे वरातीसारखे एकामागून एक बाहेर येत. मग मी दोन्ही टोकांना काटकोनी पिना असलेली सात सेंटिमीटरची वायर मिळवली. ती मात्र इतकी ताठ होती की दोन्ही वस्तू पाठीला पाठ लावून धरल्या, तरी हात सोडताच ती त्यांना स्प्रिंगसारखी फाकवी. ह्यावर जगभरच्या जाणकारांचा एकच उपाय आहे आणि तो म्हणजे रबरबँड. एवढी सूक्ष्म विद्या, मिलिवॉटांचे एवढे हिशेब, आणि सगळा डोलारा शेवटी भाजीच्या जुडीसारखा रबरबँडने बांधायचा!

रबरबँड दोन लागतात. एकाने बांधले तर वस्तू कात्रीसारख्या फिरतात. पहिला रबरबँड माझ्या प्लेअरच्या पडद्यावरून जाई, त्यामुळे गाण्यांच्या नावांचा मधला भाग झाकला जाऊन मी ती नावे गाळलेल्या जागा भरा ह्या पद्धतीने वाचू लागलो. दुसरा नेमका पुढच्या गाण्याच्या बटणावर बसे. तो किंचित वर सरकवला तर आवाजाच्या बटणावर येई, खाली सरकवला तर निसटे. मधल्या जागी ठेवून चालू लागलो की प्रत्येक दहा-बारा पावलांनंतर तो बटण दाबून गाणे बदली. एका संध्याकाळच्या फेरफटक्यात मी चाळीसेक गाण्यांचे मुखडे ऐकले. अंतरा एकाही गाण्याचा नाही.

ॲम्पच्या आवाजाच्या नॉबविषयी स्वतंत्र तक्रार आहे. जुन्या रेडिओसारखा तो ‘टक्’ करून सुरू होतो आणि मग फिरवावा तसा आवाज वाढतो. ह्या नॉबच्या पोटात डाव्या आणि उजव्या कानासाठी दोन वेगळ्या पट्ट्या असतात आणि अगदी सुरुवातीच्या टप्प्यात त्या दोघींचे जमत नाही. त्यामुळे आवाज हळू ठेवला की गायिका सरकत सरकत माझ्या डाव्या कानाशी येऊन बसे. तिला मध्यभागी आणायचे तर नॉब थोडा पुढे घ्यावा लागे आणि तेवढ्यात ती ओरडू लागे. डावीकडे बसून सौम्यपणे गाणारी गायिका हवी की मध्यभागी उभी राहून भांडणारी, ह्यातून निवड करणे हे मी रात्री अंथरुणावर पडून रोज करत होतो. प्लेअरचा आवाज कमी करून ॲम्पचा वाढवावा असा मार्ग सुचला, परंतु तसे केले की प्लेअरच्या पोटातली खरखरही इमानेइतबारे मोठी होऊन येई. ॲम्पला गाणे आणि खरखर ह्यांत डावेउजवे करता येत नाही, जे पुढ्यात येईल ते तो मोठे करतो. खरे तर हेडफोनच्या भोकामागे प्लेअरचा स्वतःचा एक चिमुकला ॲम्प असतोच. म्हणजे मी एका ॲम्पवर दुसरा ॲम्प बसवून पहिल्याच्या चुका दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेत होतो. ह्यासाठी काही प्लेअरना आतला ॲम्प वगळणारे ‘लाइन आउट’चे वेगळे तोंड असते. माझ्या प्लेअरला ते नव्हते, कारण त्याला एकूण तोंडच एक होते.

हाच नॉब पँटच्या खिशात असला की जिना चढताना मांडी त्याला फिरवते. प्रत्येक पायरीगणिक आवाज थोडा थोडा वाढतो आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माणूस धाप लागल्यामुळे नव्हे, तर कानठळ्या बसल्यामुळे कठड्याला धरून उभा राहतो. जिना उतरताना तो नॉब उलटा फिरून आवाज कमी होत असावा अशी कोणाचीही अपेक्षा असेल. तसे होत नाही. मी दोनदा पुन्हा चढून-उतरून पाहिले आहे.

बॅटऱ्या दोन, त्यांचे चार्जर दोन, आणि दोन्ही चार्जरच्या पिना वेगळ्या. गाणे मध्येच बंद पडले की प्लेअर मेला, ॲम्प मेला, वायर सुटली की रबरबँडने बटण दाबले, ह्याचा पंचनामा करावा लागे आणि त्यासाठी आधी सगळी जुडी सोडावी लागे. प्लेअर शहाणा होता, काही काळ कोणी बटण दाबले नाही तर तो आपण होऊन झोपे. ॲम्प मात्र गाणे असो वा नसो, शांततेला मोठे करत रात्रभर जागत बसे. सकाळी फिरायला निघताना तो थंड पडलेला असे. पुढे पुढे रात्री दाराची कडी लावली की नाही हे पाहायला उठावे, तसा मी ॲम्पचा दिवा पाहायला उठू लागलो.

माझ्या त्या वेळच्या फोनशीही त्याचे वैर होते. तो टू-जीच्या जमान्यातला फोन होता. असले फोन बोलताना आपली लहर सलग पाठवत नाहीत, सेकंदाला २१७ तुकडे करून पाठवतात, आणि जवळपास एखादा ॲम्प असला तर तो त्या तुकड्यांचा ‘टकटक-टकटक-टर्रर्र’ असा तबला करून ऐकवतो. त्यामुळे फोनची घंटी वाजण्याच्या दोन क्षण आधीच मला फोन येणार हे कळू लागले. “आता फोन वाजेल,” असे मी गंभीरपणे म्हणायचो आणि तो वाजायचा. घरात माझ्याविषयी आदर वाढल्याचा तेवढा एकच काळ. पुढे मुलीने कारण शोधून काढले आणि तोही संपला.

ह्या मुलीने एकदा तिचे कानाच्या आत जाणारे नाजूक इअरफोन माझ्या जुडीला लावले. गाणे सुरू व्हायच्या आधीच ती म्हणाली, “बाबा, ह्यात कोण शूऽऽ करतंय?” मी ऐकले, मला काही ऐकू येईना. वय वाढते तशी कानाची वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती कमी होत जाते, आणि ही खरखर ऐकू येण्याच्या वयात मी मिलिवॉट म्हणजे काय हे जाणत नव्हतो. “एक शूऽऽ ऐकू येत नाही, आणि त्या बाईचा श्वास ऐकू येतो?” तिने विचारले. तेवढ्यात मला ॲम्पच्या बाजूचे ‘गेन’चे, म्हणजे आवाज किती पटीने वाढवायचा हे ठरवणारे, बटण माझ्या हेडफोनसाठी ‘हाय’वर ठेवलेले आहे ह्याची आठवण झाली, परंतु तोवर तिने ‘प्ले’ दाबले होते. तिने इअरफोन कानातून उपटले त्या वेगावरून त्या बटणाचे महत्त्व घरात सर्वांना कळले.

एवढे होऊनही आवाज अद्भुत लागतो असे मी म्हणेना, तेव्हा मित्राने सांगितले की नवा ॲम्प शंभर तास वाजवून मुरवावा लागतो. मला हे पटले नव्हते. तरीही मी तो ड्रॉवरमध्ये ठेवून रात्रंदिवस वाजवू लागलो, आणि अधूनमधून चार्ज करत दोन आठवडे घालवले. “बाबा, ड्रॉवर गातोय,” असे मुलगी पाहुण्यांना सांगे. दोन आठवड्यांनी हेडफोन चढवले आणि आवाज खरोखरच अद्भुत वाटला. आता ह्या पंधरा दिवसांत ॲम्प मुरला, की पंधरा दिवस गाण्याला मुकलेला मी मुरलो, ह्याची छाननी मी केली नाही. शिवाय आवाज किंचित जरी मोठा झाला तरी कानाला तो चांगला झाल्यासारखाच वाटतो. मी नॉब आधीच्याच खुणेवर ठेवला होता का, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.

परवा बायको त्याच ड्रॉवरमध्ये कात्री शोधत असताना ती सोनेरी जाड पिन तिच्या हाताला लागली. “अहो, हे कशाचं आहे?” मी तिला सांगितले की ह्या पिनेची जाडी ६.३५ मिलिमीटर असते, तिचे घराणे फार जुने, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुली असल्याच पिना भोकांत घालून लोकांचे फोन जोडून देत असत. तिने माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि बैठकीतल्या कपाटात वीस वर्षे पडून असलेल्या आमच्या मोठ्या स्टिरिओसमोर जाऊन ती पिन त्याच्या दर्शनी भागावरच्या एका भोकाजवळ धरली. भोकाच्या वर हेडफोनचे चित्र होते. पिन आत गेली. तिच्या मागच्या भोकात हेडफोन जोडले. स्टिरिओने घसा खाकरला आणि गायिकेने माझ्या डोक्याच्या बरोबर मध्यभागी उभे राहून, कुणावरही न ओरडता, दुसऱ्या कडव्याच्या आधी श्वास घेतला.

“पण हा काही बरोबर नेता येत नाही,” मी म्हणालो.

“तो तरी तुम्ही कुठे नेता?” ती म्हणाली.

टेबलावर ती जुडी दोन्ही चार्जरना बांधलेली पडली होती, आणि तिचा एक रबरबँड काढून मुलीने वेणीला लावला होता.