घड वाहणाऱ्या पोराला आराम लागतो

ताईच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'शेतकऱ्याच्या पोराला आराम लागत नाही.' त्यात चार गोष्टी सांगितल्यात. एक दिवस व्यायामाचा खाडा झाला की आठ दिवसांची ताकद गेली. अंग दुखत असेल तर त्याच दिवशी दुप्पट मारा, लघवी गडद झाली तरी घाबरू नका, ती उष्णता बाहेर पडते. शेतातलं काम व्यायामात धरू नका. मेहनती माणसाला चार तास झोप पुरते. मी सोडून दिलं असतं, पण माझा भाचा हे जसंच्या तसं पाळतोय. यावल तालुक्यात राहतो, पोलीस भरतीची तयारी करतो, सकाळी केळीच्या कापणीला आणि संध्याकाळी जिमला जातो.

आधी लघवीचं, कारण त्यात किडनी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. सवय नसताना स्नायूंवर अति ताण आला की ते तुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीला घातक ठरतं. लघवी कोऱ्या चहासारखी दिसते. अंगात पाणी कमी आणि वर ऊन असेल तर धोका वाढतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर असतो. अशा वेळी धने-जिऱ्याचं पाणी पाजून पोराला घरात झोपवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, किती व्यायाम केला ते डॉक्टरांना सांगा, रक्तातली सीके (स्नायू तुटले की रक्तात वाढणारं द्रव्य) तपासायला सांगा. दुखणं दाबायला मनाने गोळ्याही खाऊ नका, वेदनाशामक गोळ्यांचा भार त्याच किडनीवर पडतो. दोन-तीन दिवस मांड्या भरून येणं, जिना उतरताना कळ येणं, हे वेगळं, ते आपोआप जातं. पण दोन्ही एकच समजून 'दुप्पट मारा' सांगणाऱ्याला पोरांची काळजी नाही, एवढंच मी म्हणेन.

आता शेतकामाचं. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. राबणाऱ्या पोराची पकड आणि पाठ शहरातल्या पोरापेक्षा दणकट असते. पण म्हणून ते काम अंगाच्या हिशोबात येत नाही, हे कुणी ठरवलं? रविवारी भाच्याकडे बसलो होतो. शर्टाच्या खांद्यावर चिकाचे काळे डाग, धुऊनही न जाणारे. त्या दिवशी बागेतून ट्रॅक्टरपर्यंत त्याने साठ घड नेले होते. घड 20 किलोचा धरला तरी 1200 किलो झाले, तेही ओल्या सरीतून चालत. त्याच्या वहीत माघात स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकांना, 70 किलोचे पाच होते. आता तीन. तो म्हणाला, "मामा, मी कमी पडतोय." कमी कुठला पडतोय, दमलाय तो.

1980 साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने नेमकं हेच तपासलं. दहा आठवडे एका गटाने फक्त वजनं उचलली, दुसऱ्याने फक्त धावणं-सायकल केली, तिसऱ्याने दोन्ही केलं. फक्त वजनं उचलणाऱ्यांची ताकद शेवटपर्यंत वाढत गेली. दोन्ही करणाऱ्यांची सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली, आणि शेवटी उतरू लागली. घड वाहणं म्हणजे सायकल नव्हे, हे कबूल. पण पायांना रोज दोनदा कामाला लावलं की काय होतं, ते यातून कळतं. आणि ताकद वाढायला ओझं हळूहळू वाढवावं लागतं, घड मात्र रोज तेवढाच राहतो. म्हणून जिम हवीच, फक्त कापणीच्या दिवशी पायांचा जड व्यायाम नको.

खाड्याचं तर साफ खोटं आहे. जड व्यायामानंतर स्नायूंची बांधणी दीड-दोन दिवस चालू राहते आणि दोन-तीन आठवडे बंद ठेवलं तरी ताकद फारशी जात नाही. चार तास झोपेवर काय बोलू? सात-आठ तास झोपा.

भाच्याला आठवड्यात दोन जड दिवस लिहून दिलेत, दोन्ही कापणी नसलेल्या दिवशी. परवा घड वाहून आला, ताटातली कळण्याची भाकरी आणि भरीत संपवलं आणि थेट झोपला. संध्याकाळी ताईचा फोन आला, "पोरगं जिमला गेलं नाही, आजारी आहे का रे?"

म्हटलं, झोपू दे त्याला.